अर्ध्या दिवसाचं होर्यूजी

प्रवासाची यादी करताना काही नावांपुढे प्रश्नचिन्ह काढायची मला जुनी सवय आहे. जे बघायचंच असतं त्याचं नाव मी नुसतं लिहिते. जे बघायचं नसतं ते कागदावर येतच नाही. प्रश्नचिन्ह पडतं ते मधल्या जागांपुढे. या जागा फारशा लांब नसतात, हेच त्यांचं दुखणं. लांबची जागा राहून गेली तर मनाला काही लागत नाही; एवढ्या लांब कोण जाणार, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण जी तासाभराच्या वळणावर असते, जेवण जरा पुढे ढकललं तर जमण्यासारखी असते, ती घरी परतल्यावरही बरेच दिवस टोचत राहते. जुन्या वह्या चाळताना अशी पुष्कळ चिन्हं सापडतात. त्यातल्या काही गावांची नावं आता वाचताही येत नाहीत.

जपानच्या यादीत असं चिन्ह पडलं ते होर्यूजीपुढे.

भाचा ओसाकाला नोकरीला आहे. आम्ही यायच्या आधीच त्याने सगळा बेत मोबाइलवर रंगीत चौकटींमध्ये आखून ठेवला होता. नारासाठी एक दिवस होता. तोदाइजी, तिथला पंधरा मीटर उंचीचा ब्राँझचा बुद्ध, हरणं, हरणांना घालायची बिस्किटं, कासुगा मंदिराचे दगडी दिवे. चौकटी एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की मध्ये चहाचा कपसुद्धा ठेवता येऊ नये.

"मावशी, क्योटोत देवळं पोटभर झालीत तुझी. आता आणखी एक?"

"जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारती आहेत रे तिथे."

"जुन्या म्हणजे आत अंधार. माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांना शाळेच्या सहलीत नेलं होतं म्हणे. कोणालाही काही आठवत नाही."

हे त्याने मला परावृत्त करायला सांगितलं, पण माझा कल तिथेच ठरला असावा. शाळेच्या सहलीत नेतात आणि कोणाच्या लक्षात राहत नाही अशी एक जागा आपल्या प्रत्येकाच्या नावावर जमा असते. शिवाय नकाशा काढून बघितला तर होर्यूजी ओसाका आणि नारा यांच्या मध्ये, एकाच लोहमार्गावर. तेन्नोजीहून निघालेली जलदगाडी इकारुगा गावाच्या त्या स्टेशनवर थांबते आणि तिथून दहा-बारा मिनिटांत नाराला पोचते. म्हणजे वाकडी वाटसुद्धा करायची नव्हती, फक्त उतरायचं होतं.

पण वाटेवरच्या गावाला उतरणं किती अवघड असतं हे पुण्या-मुंबईच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मळवली स्टेशन आपल्या डोळ्यांसमोरून किती वेळा गेलं असेल? लोणावळा आलं की चिक्की आठवते. मळवली आल्याचं कळतसुद्धा नाही. वर डोंगरात कार्ल्याचा चैत्य आहे. जे डोंगर चढतात तेही बहुतेक एकवीरा आईसाठी चढतात. देवीचं देऊळ चैत्याच्या अगदी तोंडाशी, त्यामुळे दर्शनाच्या रांगेत उभं राहून, हातातल्या ओटीचं ताट सांभाळत, मान वळवून जेवढं दिसेल तेवढंच लेणं बघितलं जातं. आमच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं तेवढंच बघितलं. पहिल्यांदा आत शिरून वर बघितलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, त्या छताच्या कमानी दगडाच्या नाहीत, लाकडाच्या आहेत. दोन हजार वर्षांचं लाकूड. स्तूपावरची छत्रीही लाकडीच. अख्खा डोंगर कोरून काढणाऱ्यांना त्या फासळ्या दगडात कोरणं काही जड नव्हतं, पण त्यांच्या डोळ्यांत लाकडी सभागृह बसलेलं होतं आणि त्यात तुळ्या असतात, म्हणून त्यांनी खरोखरीच्या बसवल्या. आपल्याकडची ती लाकडी सभागृहं ऊनपावसात आणि वाळवीत गेली. त्यांचं रूप उरलं ते दगडात. जपानात मात्र लाकूडच टिकलं, असं ऐकून होते.

"उतरूया," मी म्हटलं. "दोन तास."

भाच्याने चौकटी सरकवल्या. हरणांच्या वाटचा वेळ कमी झाला.

अगदी थोडक्या वेळात, नको त्या तब्येतीने होर्यूजीला जाऊन आलेला सगळ्यात प्रसिद्ध माणूस मासाओका शिकी. १८९५ सालचा ऑक्टोबर. चीनमध्ये युद्धवार्ताहर म्हणून जाऊन हा कवी रक्त ओकत परतला होता. मात्सुयामाला नात्सुमे सोसेकी या लेखक मित्राबरोबर एकाच घरात काही आठवडे काढून तो तोक्योकडे निघाला, आणि वाटेत नाराला उतरला. कमरेत वेदना होत्या. क्षय मणक्यापर्यंत पोचला होता. डॉक्टरला विचारलं असतं तर सरळ घर गाठायचा सल्ला मिळाला असता. त्या फेरीतून त्याचा सगळ्यांत प्रसिद्ध हायकू आला. त्यात पर्सिमनचं फळ आहे, घंटा आहे आणि होर्यूजीचं नाव आहे. जपानी शाळेतल्या पोरांना तो पाठ असतो. काही अभ्यासकांना वाटतं की ती घंटा त्याने नारात ऐकली, तोदाइजीची, आणि कवितेत होर्यूजीची केली. असेल. मंदिर पाहायला दिलेला वेळ आणि मंदिराने आपल्यात घेतलेली जागा यांचा हिशेब इतका सरळ बसत नाही, एवढंच मला त्यातून दिसलं. पुढे तो अंथरुणाला खिळला आणि १९०२ मध्ये गेला. नारा हा त्याचा शेवटचा मोठा प्रवास.

आम्ही उतरलो तेव्हा नोव्हेंबर सरत आला होता. स्टेशनपासून मंदिरापर्यंत बस मिळते, पण आम्ही चालत गेलो, वीसेक मिनिटं. वाट अगदी साधी: बुटकी घरं, दारात कुंड्या, भिंतीपलीकडे पर्सिमनची निष्पर्ण झाडं आणि त्यांवर उरलेली नारिंगी फळं. क्योटोसारखी दुकानांची दाटी नाही. मग एकदम पाइन झाडांची दुहेरी रांग, तिच्या टोकाला दक्षिणेचा मोठा दरवाजा, आणि त्यातून आत शिरल्यावर दूरवर पांढरट वाळूची वाट. पिवळ्या टोप्या घातलेल्या शाळकरी पोरांची एक फौज समोरून बाहेर येत होती. एकाने आम्हाला इंग्रजीत "हॅलो" म्हटलं आणि लाजून मित्रामागे लपला. याला पुढे यातलं काय आठवेल कोण जाणे. बहुतेक आम्हीच.

मधल्या दरवाजाच्या बरोबर मध्यभागी एक खांब आहे. दरवाजाच्या मध्यात कोणी खांब घालतं का? वाट मोकळी सोडायची ही जगाची रीत. त्याच्यावर जपानात पुस्तकं लिहिली गेली आहेत. राजपुत्र शोतोकूचा अतृप्त आत्मा आत कोंडून ठेवण्यासाठी तो आहे असंही एका पुस्तकात मांडलंय. मला हे असलं ऐकायला आवडतं, पटतं असं नाही. खांबाला हात लावून बघितला. मध्ये किंचित फुगीर, वर-खाली निमुळता. थंडीच्या दिवसांत लाकडाला जी कोरडी ऊब असते ती होती.

मंदिर शोतोकूने ६०७ मध्ये उभारलं असं मानतात, वडिलांच्या, म्हणजे योमेई सम्राटाच्या आजारात बोललेला नवस पुरा करण्यासाठी. ६७० मध्ये ते जळाल्याची नोंद जुन्या बखरीत आहे. मग आज उभं आहे ते मूळचं की पुन्हा बांधलेलं, यावर विद्वान अनेक दशकं भांडले. १९३९ मध्ये शेजारच्याच जमिनीत आधीच्या मंदिराचा पाया सापडला आणि पुन्हा बांधलं म्हणणाऱ्यांची सरशी झाली. सगळं मिटतंय असं वाटत असताना पाच मजली पॅगोडाच्या मधल्या खांबाची वर्तुळं मोजली गेली. ते झाड ५९४ मध्ये तोडलेलं निघालं. आग त्यानंतरची, पॅगोडा आगीनंतरचा, आणि खांब दोन्हींच्या आधीचा. मग मधली पाऊणशे-शंभर वर्षं ते लाकूड होतं कुठे? दुसऱ्या एखाद्या पॅगोडात उभं होतं, की कोणाच्या अंगणात आडवं पडून वाट बघत होतं? याचं उत्तर अजून ठरलेलं नाही. पॅगोडासमोर मी बराच वेळ उभी राहिले ते त्याच्या शिखरासाठी नाही, पोटातल्या त्या न दिसणाऱ्या खांबासाठी.

शिखरावर चार विळे लावलेले आहेत. वीज पडू नये म्हणून, असं सांगतात. भाच्याने कॅमेरा मोठा करून ते शोधून काढले आणि मला दाखवले; तिथून त्याचा कंटाळा जरा ओसरला.

या मंदिराचे सुतार पिढीजात. त्यांतले निशिओका त्सुनेकाझू १९९५ मध्ये वारले. त्यांच्या घराण्यात तोंडी चालत आलेली शिकवण अशी की इमारतीसाठी लाकूड घेऊ नये, डोंगर घ्यावा. डोंगराच्या उत्तर उतारावरचं झाड इमारतीच्या उत्तरेलाच उभं करावं, दक्षिणेचं दक्षिणेला. हजार वर्षं वाढलेला हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रस, हजार वर्षं उभा राहतो असं ते मानत. माझे आजोबा कोकणातल्या घराच्या वाशांबद्दल असंच बोलायचे, कुठला फणस, कुठल्या वाडीतला, कोणी लावलेला. घर विकलं गेलं तेव्हा व्यवहार चौरस फुटांत झाला.

पॅगोडात आत जाता येत नाही. चारही बाजूंना दारं उघडी आणि दारात जाळी. जाळीला कपाळ टेकवून आत बघायचं. भाचा म्हणाला होता ते अगदी खरं होतं: अंधार. उत्तरेच्या दाराशी एक म्हातारा जपानी गृहस्थ हलेनासा उभा होता. तो हलला तेव्हा मी त्याच्या जागी उभी राहिले. आधी काहीच नाही, मग मातीच्या गुहेसारखं काहीतरी, मग आडवा झालेला बुद्ध, आणि मग त्याच्याभोवती वीतभर-दोन वीत उंचीची माणसं. ७११ सालची ही मातीची शिल्पं, महापरिनिर्वाणाची. मागच्या बाजूचे बोधिसत्त्व शांत बसलेत. पुढचे भिक्षू मात्र रडतायत. नुसते डोळे पुसत नाहीयेत, तोंड वासून, छातीवर हात आपटून, मान मागे टाकून रडतायत, आपल्याकडे मयताच्या घरी बाया रडतात तसे. अनित्यतेचा उपदेश जन्मभर ऐकलेली ही माणसं, आणि ऐनवेळी कोणाला काही आठवत नाहीये.

अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात हाच प्रसंग आहे. तिथे बुद्ध प्रचंड, भिंतभर पहुडलेला, आणि त्याच्या खाली शोक करणाऱ्यांची रांग. तिथे आपण बुद्धाकडेच बघतो, माणसं पायाशी राहून जातात. इथे उलट झालं. बुद्ध मागे अंधारात विरला आणि रडणारे पुढे आले. मागे कोणीतरी खाकरलं तेव्हा लक्षात आलं, आता हलेनाशी उभी असलेली मी होते.

शेजारी कोंदो, मुख्य सभामंडप. मधोमध तोरी नावाच्या शिल्पकाराने ६२३ मध्ये घडवलेला शाक्यमुनी, लांबट चेहऱ्याचा, ओठांवर हसू म्हणावं की म्हणू नये असं काहीतरी. भिंतींवर चित्रं आहेत, पण ती गेल्या शतकात नव्याने काढलेली. मूळची १९४९ मध्ये गेली.

ती गेली कशी हे मला तिथे येण्याआधी माहीत होतं आणि खरं सांगायचं तर प्रश्नचिन्हाचं एक कारण तेही होतं. जे बघायला जायचं तेच जळालेलं असेल तर जायचं कशाला? बारा मोठ्या भिंती होत्या, बुद्धांच्या आणि बोधिसत्त्वांच्या. अजिंठ्याशी त्यांची तुलना नेहमी व्हायची, रेषेमुळे, झुकलेल्या माना आणि बोटांच्या मुद्रांमुळे. चित्रं झिजत चालली म्हणून १९४० मध्ये त्यांच्या नकला करायला चित्रकार बसवले. युद्धात खंड पडला, काम पुन्हा सुरू झालं, आणि २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे मंडपाला आग लागली. दुरुस्तीसाठी छप्पर आणि वरचा भाग आधीच उतरवून ठेवला होता म्हणून तेवढा वाचला, भिंतींवरच्या छोट्या उडत्या अप्सराही वाचल्या. चित्रकार थंडीत बसताना वापरायचे त्या विजेच्या गादीवर संशय गेला. कारण पक्कं झालं नाही. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला, आणि २६ जानेवारीला देशभरच्या मंदिरांत अजून अग्निशमनाचा सराव होतो.

त्या नक्कलकारांमध्ये एक होते आराई काम्पो. रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून ते भारतात आले होते, आणि १९१७-१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्याला राहून त्यांनी तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. अजिंठ्याच्या नकलांचं नशीब असं की त्या आगीसाठीच जन्माला येतात. मेजर गिल या नकलांसाठी वीसेक वर्षं त्या डोंगरात राहिला. त्याची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा सुरुवात केली. त्यातलीही बरीच १८८५ मध्ये लंडनलाच जळाली. आराई ज्यात होते त्या जपानी चमूने नेलेल्या नकला १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. आणि आराई म्हातारपणी इथे, या मंडपात, दुसऱ्या भिंतीसमोर पुन्हा रंग कालवायला बसले. ते १९४५ मध्ये वारले. इथली आग त्यांनी पाहिली नाही.

मी हे भाच्याला सांगितलं, तिथेच, हळू आवाजात. तो म्हणाला, "म्हणजे अजिंठा अजून आहे."

"आहे. कमी होत चाललाय, पण आहे."

एका भिंतीसमोर किती वेळ बसायचं असतं? आराई अजिंठ्याला महिनोन्‌महिने बसले. मी अजिंठ्याला गेले तेव्हा संध्याकाळी वेरूळला पोचायचं होतं. यष्टी धरायची होती. कोणाला तरी ऊन लागलं होतं. पद्मपाणीसमोर मी उभी होते ती रखवालदाराची बॅटरी पुढे सरकेपर्यंत. तरी तो पद्मपाणी माझ्याकडे आहे. होर्यूजीत आम्ही दोन तासांचे तीन केले आणि त्यातही जे बघायला मिळालं त्यातलं निम्मं जाळीआडून, उरलेलं नक्कल. कुदारा कान्नोन या अवलोकितेश्वराच्या मूर्तीसमोर मात्र बसायला मिळालं. सातव्या शतकातली दोन मीटरहून थोडी उंच, अंगाने अगदी सडपातळ अशी ही लाकडी मूर्ती काचेच्या पेटीत आहे आणि तिच्याभोवती फिरता येतं. समोरून ती नेहमीची देवता वाटते. बाजूला गेलं की तिची पाठ आणि खाली आलेलं वस्त्र एका ओळीत पुढे झुकतं, वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या बाईसारखं. डाव्या हाताच्या दोन बोटांत एक कलश, इतका सैल धरलेला की आपलाच हात पुढे जावा.

पूर्वेकडचा स्वप्नमंडप, युमेदोनो, शेवटी. मधली वाट मातीच्या भिंतींमधून जाते; भिंतींचे थर दिसतात. मंडप आठ कोनांचा, आठव्या शतकातला. आतल्या गुझे कान्नोनला शतकानुशतकं कापडात गुंडाळून ठेवलं होतं; भिक्षूंनीही तिला पाहिलेलं नव्हतं. १८८४ मध्ये फेनोलोसा हा अमेरिकन प्राध्यापक आणि ओकाकुरा तेन्शिन सरकारी अधिकाराने आले आणि त्यांनी शेकडो यार्डांचं ते वेष्टण सोडवलं. भूकंप होईल या भीतीने भिक्षूंनी बराच वेळ विरोध केला, असं फेनोलोसाने लिहून ठेवलंय. आता वसंतात आणि शरदात ठरलेल्या दिवसांपुरतं तिचं दार उघडतात. शरदाचा काळ २२ नोव्हेंबरला संपतो. दार लागलेलं होतं.

भाच्याला वाटलं मी हिरमुसेन. मला उलट बरंच वाटलं. ज्या मूर्तीला इतकी शतकं कोणी न बघता सांभाळलं तिला मीही न बघता जावं यात काही वावगं नव्हतं. अर्थात दार उघडं असतं तर मी सगळ्यांत पुढे घुसले असते, हेही तितकंच खरं.

नाराला पोचलो तेव्हा तोदाइजीचा मंडप बंद व्हायला आला होता. मोठ्या बुद्धाला आम्ही जवळजवळ धावत भेटलो. त्याचं मोठेपण असं की त्याला ते चालतं. पंधरा मीटर उंच असलं की क्षणभर बघणाऱ्यालाही पुरेसं दिसतं. हरणं मात्र भाच्याच्या पिशवीला लागली आणि त्यांनी नकाशाची घडी खाऊन टाकली.

परतीच्या गाडीत त्याला बसायला जागा मिळाली नाही. दांडीला लटकत तो एकदम म्हणाला, "मावशी, कार्ल्याचं ते लाकूड... मी एकवीरेला दोनदा गेलोय. आत गेलो नाही कधी."

"जानेवारीत येतोयस ना तू?"

"दहाच दिवस. त्यात दादाचं लग्न, बँकेचं काम, दातांचं राहिलंय. आई म्हणते कोल्हापूरला पण जाऊन ये." त्याने मोबाइल काढला, चौकटी उघडल्या. "किती वेळ लागतो?"

"पुण्याहून लोणावळ्याची लोकल धर. सगळ्या मळवलीला थांबतात. तिथून रिक्षा, मग पायऱ्या. सकाळी लवकर निघालास तर दुपारच्या जेवणाला घरी."

"आणि रांग?"

"रविवार सोडून जा."

तो कॅलेंडर वर-खाली करत राहिला. लग्नाच्या आदल्या दिवशी एक सकाळ मोकळी दिसत होती, पण तिच्यात हळद होती की नव्हती ते आईला विचारावं लागणार होतं.